पाण्याच्या अकरा पाळ्या

साहेब म्हणाले, जालन्यातल्या गल्ल्या तुला माहीत, बघ एखादी खोली.
अकरा आठवड्यांसाठी. मुलगी परदेशातून येतेय,
बियाण्याचं काम शिकायला. पैसे बेताचे.
मी उगवण विभागातला मदतनीस.
ओल्या कागदावर ज्वारीचे शंभर दाणे मांडायचे,
दहाव्या दिवशी मोजायचं, किती उठले.
म्हटलं, खोल्याही तशाच मोजू.

भोकरदन नाका : करार अकरा महिन्यांचा.
आठवडे हा शब्द त्यांनी
फाटकी नोट उजेडात धरावी तसा धरला
आणि परत दिला.
कादराबाद : डिपॉझिट पन्नास हजार, आणि अंडं चालणार नाही.
मामा चौकामागं खोली छान, खिडकी, गीझर,
पण भाडं ऐकून ती बोटांवर हिशेब करत राहिली,
तिच्या पैशातून आमच्या पैशात, आमच्यातून पुन्हा तिच्या,
दोन्हीकडून कमीच पडलं.
एक बाई माझ्याशीच बोलल्या :
"फोनवर मोठ्यानं बोलते का?"
मी विचारलं. ती म्हणाली, आईला कमी ऐकू येतं.
मी मराठीत सांगितलं, "नाही बोलत."

सगळीकडं पहिला प्रश्न, आडनाव?
सेलामावित बेकेले.
बेकेले म्हणजे कोण?
बेकेले म्हणजे तिचे वडील. त्यांच्याकडं आडनाव नसतंच.
आपलं नाव, मग बापाचं, संपलं.
माणसं चाळणी हलवत राहिली,
खाली काहीच पडेना.
मी गाडीला टेकून उभा. मजा वाटत होती,
आणि मजेच्या तळाशी
एकोणीस वर्षांपूर्वीची माझी एक वळकटी,
एक लोखंडी फाटक,
माझं आडनाव ऐकल्यावर एकदम आठवलेलं,
"अहो, परवाच दिली खोली."

पंधरावी प्रयागबाई मिसाळांची. सरकारी दवाखान्यातून निवृत्त नर्स.
वर पत्र्याची एकच खोली, जिना बाहेरून.
तिनं आडनाव विचारलं नाही.
विचारलं, "बादली उचलती का?"
नळ आठव्या दिवशी, कधी पहाटे तीनला.
"महिने, आठवडे मला नको सांगू, बाप्पा.
पाणी आलं की भाडं. पाळीला आठशे.
हिच्या अकरा पाळ्या."

पंधरापैकी एक.
आमच्याकडं हे वाण नापास झालं असतं.

पोलीस ठाण्यातल्या फॉर्मवर तिनं स्वतः येऊन सही केली,
हवालदाराचं पेन न परतवता निघाली.
एवढं लांब नाव तिच्या तोंडात बसेना, तिनं सेलू केलं.
शेजारीण म्हणाली, "सेलूची का? माझी नणंद दिली तिथं."
कुणी दुरुस्त केलं नाही.
पहिल्या भाकरीला मुलगी म्हणाली,
हे धान्य मुळात आमच्या बाजूचं.
प्रयागबाई म्हणाली, "असंल. पीठ बदनापूरचं हाय."

मग मे.
पत्रा तापायचा, ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन
जिन्यात बसून नोंदी लिहायची.
नळ आठाचा दहा दिवसांवर गेला, एकदा तर तेरा.
तिनं पैसे पुढं केले,
प्रयागबाई म्हणाली, "पाणी कुठं आलंय? भाडं कशाचं?"
ड्रमावर खडूच्या रेघा.
अकरा आठवडे संपले तेव्हा
रेघा आठ.

निघायच्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो.
बॅग खाली आली, चटईची गुंडाळी, दोन कुंड्या कुणालातरी दिलेल्या.
प्रयागबाई ड्रमापाशी उभी.
"तीन पाळ्या राहिल्या हिच्या. सांग तिला."
मला इंग्रजीत ते नीट सांगता येईना.
म्हटलं, त्या म्हणतात, हिशेब बाकी आहे.
मुलीनं घाईघाईनं पर्स उघडली.
प्रयागबाईनं तिच्या हातावर
फाटकन चापट मारली.