तोंडी लावायला

वोफा म्हणजे मामा. यिआदोम त्याचं नाव.
कुमासीच्या मेकॅनिक वस्तीत, जिथे पत्र्यावर पत्रा चढलेला
आणि प्रत्येक ट्रकच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले,
एकतीस वर्षं त्याने इंजिनांचं जळकं तेल काढलं
आणि शेडमागे ओतलं.
टाकलं म्हणायचा नाही. ‘परत दिलं.
जमिनीतून आलं, जमिनीत गेलं.’

आमच्यात वारसा आईच्या बाजूने चालतो.
त्याच्या मुलांना त्याची उंची मिळाली, खोकला मिळाला;
मला, बहिणीच्या मुलीला,
शेडमागची जागा. चाळीस पावलं लांब, पंचवीस रुंद.
इथली माती मुळात तांबडी, ओल्या विटेसारखी.
ही तेवढी काळी.
पाऊस झाला की पाणी वरच थांबतं,
आत ये असं कुणी न म्हटलेल्या पाहुण्यासारखं,
आणि त्यावर मोराच्या गळ्याचे रंग फिरत राहतात.

तेल खाणारे जीव शोधत मी दोन वर्षं हिंडले.
बंदर, डेपो, पंपामागचे ओढे.
शेवटी, जरा लाजतच,
मामाची एक मूठ बाटलीत भरून नेली.
भिंगाखाली नुसती झुंबड.
एकतीस वर्षं समोर एकच ताट;
जे तगले ते तेच खायला शिकले होते.
जिथे घाण सर्वांत जुनी, तिथेच तिचे खाणारे,
असं मी वहीत लिहिलं, आणि खोडलं.
प्रबंधात असं लिहीत नाहीत.

‘मग इतकी वर्षं खाल्लं का नाही?’ मामाने विचारलं.
नुसतं तेल कोण खाईल, वोफा?
तोंडी लावायला नको काही?

म्हणून अफ्रियेबाईंच्या खुराड्यातली सात पोती विष्ठा,
लाकूडगिरणीचा भुसा,
पाणी बेताचं,
आणि दर तिसऱ्या दिवशी फावड्याने उलथापालथ,
कारण त्यांनाही श्वास लागतो.

तो जुन्या ट्रकच्या सीटवर बसून बघायचा.
डाव्या हाताला आता पाना पेलत नाही.
‘किती आहेत?’
चिमटीत काही कोटी.
‘पगार?’
नाही.
‘म्हणजे उमेदवार,’ तो म्हणाला,
आणि त्या दिवसापासून त्यांना पोरं म्हणू लागला.

हरमाटनचा कोरडा वारा आला, धुळीने सूर्य पांढरा झाला.
एका पहाटे त्याने ढिगात हात घातला,
बॉनेटवर ठेवतात तसा, पालथा.
आत ऊब होती.
‘चालू आहे,’ म्हणाला.
प्रयोगशाळेला तेच कळायला आणखी तीन आठवडे लागले.

पाच महिन्यांनी अहवाल आला:
शंभरातले बासष्ट भाग गेले.
उरलं ते डांबरासारखं, चिवट;
पोरं कडा टाकून उठतात ताटावरून, तसं.
आणि शिसं. शिसं कुणीच खात नाही.
ते आहे तिथेच आहे, हे मी मामाला दोनदा सांगितलं.
अकरा मक्याचे दाणे पेरले, चार उगवले,
तीन पिवळे पडले.
एक माझ्या गुडघ्याएवढा.
‘कणीस भाजता येईल?’
नाही, वोफा. अजून नाही. कदाचित तुझ्यामाझ्या हयातीत नाही.
तो बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसला.

काल उजाडायच्या आधी तो शेडमागे उभा दिसला,
हातात पत्र्याचा मग, ओठ हलत होते.
मला वाटलं, पूर्वजांना दारू वाहतोय,
थोडी मातीला, थोडी स्वतःला.
जवळ गेले. वास दारूचा नव्हता.
मगात जळकं तेल होतं, तळाला दोन बोटं.

‘संपत आलंय ना,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘उपाशी राहतील पोरं.’

मी मग काढून घेतला.
बोटं अजून चिकट आहेत.