आठवं

जांभळी नाक्याला, नारळवाल्याच्या मागच्या गल्लीत
आमचं काष्ठौषधीचं दुकान.
एकशे बारा डबे.
डोळे मिटून झाकण उघडलं तरी
मला कळतं, कुठला कशाचा.

बायका दुपारी येतात, दीड ते तीन,
बाबा जेवायला वर गेले की.
आधी जिरं मागतात. मग बडीशेप.
मग पर्सची चेन उघड-बंद करत :
"ते... महिन्याचं... पुढेमागे होतंय."
कुणी अडचण म्हणते, कुणी नुसतं पोटाकडे बघते.
पाळी हा शब्द ठेवायला
आमच्या काउंटरवर अजून कुणाला जागा सापडलेली नाही.

मी अशोकाची साल दिली आहे. शतावरी दिली आहे.
शेपूचं बी, काळे तीळ, जुना गूळ.
काहींना बरं वाटलं, सांगायला आल्या, पेढे घेऊन एक.
बाकीच्या परत आल्या नाहीत.
परत न येणं म्हणजे बरं होणं,
असा हिशेब मी वीस वर्षं धरत आले.

मार्गशीर्षात सुलक्षणा आली. कोलशेतची, भोईरांची.
दिवसभर मॉलमध्ये बिलिंगला उभी.
चार महिने पाळी नाही म्हणून पुडी घेत होती,
आमची नव्हे, कुरिअरने आलेली.
वर हिरवं पान छापलेलं आणि
"शंभर टक्के नैसर्गिक, अपाय नाही".
"ताई, तुम्हाला वासावरून कळतं म्हणे.
यात काय आहे, बघाल?"
तिचे डोळे पिवळे होते. हळद लागावी तसे.

चिमूटभर तळहातावर घेतलं.
सुंठ. दालचिनी. लोध्र.
गाजराचं बी.
उलटकंबळ.
काळा बोळ, आतडी पिळवटणारा.
हिराबोळ, जो दिवस गेलेल्या बाईला द्यायचा नसतो.
सात झाले.

आणि एक आठवं होतं.
वास नाही. रंग नाही.
जिभेच्या टोकाला किंचित, जुन्या नाण्यासारखं.
मी पुन्हा हुंगलं. पुन्हा चाखून थुंकलं.
चाळीस वर्षं या गल्लीत मुरलेलं माझं नाक,
त्याला नाव सापडेना.

नैसर्गिक म्हणे.
धोतराही नैसर्गिकच आहे.
गटाराच्या कडेला उगवतो, पांढराशुभ्र फुलतो.

मग मी तिला ते विचारलं
जे कधीच कुणाला विचारलं नव्हतं.
दिवस राहिलेत का, तपासलंस?
थायरॉईड? वजन? दुसरी कुठली गोळी चालू आहे?
होती. फिटची. नववीपासून.
आणि त्या डॉक्टरांना हे सांगितलंस?
"हे औषध थोडंच आहे, ताई."

दोन वाजून वीस मिनिटांनी शटर ओढलं.
रिक्षात ती पुडी माझ्या मांडीवर,
तान्ह्या पोरासारखी धरलेली, सांडू नये म्हणून.

कळव्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर ओरडली नाही.
तिनं पेन उघडलं नि म्हणाली, सांगा.
मी सात नावं सांगितली, आरती म्हणावी तशी, एका दमात.
आठव्याला थांबले.
तिनं केसपेपरवर लिहिलं : अज्ञात.

सहा आठवड्यांनी सुलक्षणाचे डोळे निवळले.
पाळीचं कारण थायरॉईडचं निघालं. सकाळी एक बारीक गोळी,
आणि दर तीन महिन्यांनी रक्त.
ती आली होती सांगायला. जिरं घेतलं नाही.

बाबा विचारतात, दुपारची गिऱ्हाइकं हल्ली
रिकाम्या हातानं का जातात?
मी तराजूची पारडी पुसत बसते.
जुन्या वह्या काढल्या आहेत माळ्यावरून.
त्यात नावं नाहीत कुणाची.
"बाई. अशोक. पन्नास ग्रॅम."
"बाई. हिराबोळ. पंचवीस."
"बाई. हिराबोळ. पंचवीस."
माझंच अक्षर. वळणदार, ठाम.

बऱ्या झाल्या असतील.
असाव्यात.