गार असताना

सकाळीच जा, टॅमसिन.
दहाची वेळ दिली असेल तर साडेनऊला पोच.
गाडीच्या पाठीवर तळहात ठेव
(इंजिन तिथं आहे, सीटच्या मागं,
नाकात नाही, हे विसरू नकोस)
आणि पत्रा कोमट लागला
तर हसून विचार, “आत्ताच कुठं जाऊन आलात?”
लाउथचा तो डेन्झिल काहीतरी सांगेल.
उत्तराकडे लक्ष देऊ नकोस.
त्याच्या हातांकडे दे.

रंग पाहू नकोस. हिरवा असणार.
त्या हिरव्यावर आमची अख्खी पिढी गेली.
मॅट उचल, खाली ओल आहे का बघ.
तेलाचं झाकण फिरव; आतल्या बाजूला
दुधावरच्या सायीसारखं काही जमलं असेल
तर पाणी तेलात गेलंय, नाहीतर गाडी
नुसती दुकानापर्यंत जाऊन येते.
दोन्ही वाईट. पहिलं जास्त.

रेडिएटर पुढं, इंजिन मागं,
मधे पोटाखालून पाण्याच्या लांबच लांब नळ्या.
कुणाच्या डोक्यातून निघालं हे, देव जाणे,
पण वळणावर ती जी रस्त्याला बिलगते ना,
मांजरानं मांडी धरावी तशी...
असो. स्क्रूड्रायव्हर ने. खालची चौकट टोच.
टणक वाजली तर ठीक.
बिस्किटासारखी वाजली तर घरी ये.

चाक आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घाल.
डावीकडे चार मावली, उजवीकडे दोन,
तर ती लंगडतेय,
आणि त्यावर औषध करणारे आमच्या भागात
दोघेच उरलेत. एकाला आता दिसत नाही.

भरवशाची आहे का, हे विचारू नकोस.
भरवशाच्या म्हशीला काय होतं, जग जाणतं.
काय काय मोडलं, ते विचार.
बिलांची फाईल माग, जाड, तेलाचे डाग पडलेली.
“एकदासुद्धा त्रास दिला नाही,” असं म्हणाला
तर कोटाची बटणं लावायला लाग.

मला कसं ठाऊक?

दोन हजार सातचा फेब्रुवारी.
हॉर्नकासलच्या माझ्या गॅरेजात
मी एक बाटली ओतली पाण्यात,
गळती चार दिवस बुजवणारी,
आणि गिऱ्हाईक यायच्या आधी वीस मिनिटं
इंजिन चालू ठेवलं.
ग्वेंडा प्रिडमोर. बॉस्टनच्या इस्पितळात रात्रपाळी.
विसाच्या नोटा, रबरबँड लावलेल्या.
म्हणाली, थंडी असली तरी छप्पर उघडूनच नेणार.
सिब्सीच्या अलीकडे, कोबीच्या शेतांमध्ये,
मागून वाफ निघाली.

सहाला फोन वाजला. सव्वासहाला.
मी चहा ढवळत होतो.
साडेसातलाही ढवळतच होतो.

तर हे सगळं मी शिकलो
ते समोरच्या बाजूनं, टॅमसिन.

नीट निघाली तर घे. शे-दोनशेसाठी घासाघीस करू नकोस.
पाण्याचा कॅन सोबत ठेव, पाच लिटरचा,
काटा वर चढू लागला की बाजूला घे,
आणि झाकणाला लगेच हात लावू नकोस,
भाजशील. गार होऊ दे.
तोवर फोन कर.
कितीही वाजलेले असोत.