परवा ये

तासगावच्या शाळेमागचं मैदान,
उन्हाळी खो-खोचा शेवटचा आठवडा.
माझ्या रेवणला दोन दिवस बाहेर बसवलं
म्हणून मी तरातरा गेलो.

दिलशाद मुलाणी. वय असेल एकोणीस.
गळ्यात शिट्टी,
चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.
पगार शून्य.

"ओळखीच्यांना झुकतं माप देते पोरगी,"
फाटकाशी कुणीतरी म्हणालंच होतं.
मीही तेच म्हणालो, जरा मोठ्यानं.

तिनं वही पुढं केली.
पहिलंच नाव तिच्या भाचीचं: चार दिवस,
ढकललं म्हणून.
खाली रेवण: दोन दिवस,
तोतऱ्या पोराची नक्कल केली म्हणून.
त्या पोराचं नाव मात्र
कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी वही मिटली तोवर
ती खांबाच्या बुडाशी वाकून
काचा वेचायला लागली होती.
"काका, अजून काही?"

माफी घशात
बेदाण्याच्या काडीसारखी अडकली.
"पाणी आणू का?" एवढंच निघालं.
"पोरांना द्या आधी."

घरी रेवण दारातच.
"काय म्हणाली?"
"परवा ये म्हणाली."
"आणि पप्पा, तुम्ही?"

मी उंबऱ्यातल्या चपला
जोडीनं लावत राहिलो.