कुणी खेळत नसताना

तुर्कूच्या धक्क्यावर, भंगाराच्या लिलावात, चाळीस युरो.
वर तौनोच्या ट्रेलरचं पेट्रोल.
मुलगी फोनवर म्हणाली, आई, तू कधी खेळायचीस असलं?
नाही. मी पुसायचे.

सतरा वर्षं रात्रपाळी. स्टॉकहोमची बोट,
पाचवा डेक, बारच्या मागची खोली.
खेळणारी पोरं पडद्यावरून नजर न काढता
पाय वर उचलायची,
खालून झाडू जायचा,
पाय परत खाली.
तोंडं आठवत नाहीत. बूट आठवतात.

पहाटे तीनला सगळे निजले की
यंत्र एकटंच खेळायचं, गिऱ्हाईक भुलवायला:
पिवळा पाणबुड्या दोर धरून खाली,
दोन शिंपले, एक मासा,
आणि तिसऱ्या ऑक्टोपसपाशी हमखास मरायचा.
तोवर मी राखदाणीपर्यंत पोचलेली असायचे.
नाही पोचले, तर समजायचं आज उशीर झाला.

आता ते माझ्या शेडमध्ये,
स्की आणि बटाट्यांच्या पोत्याच्या मधे.
बुडाला चार भोकं. वादळात सरकू नये म्हणून
बोटीला जखडलेलं असायचं.
मागचं दार काढलं तर सिगारेटचा वास बाहेर आला,
इतकी वर्षं श्वास कोंडून बसल्यासारखा.
आत धुळीचा नमदा, मांजराएवढा.
केसांची पिन. बाद झालेले तीन मार्क्का.
जॉयस्टिकच्या मुळाशी सल्मिआक्कीच्या गोळ्या
वितळून डांबर झालेल्या.
कोमट पाणी, व्हिनेगर, दातांचा जुना ब्रश.
एवढं मला येतं.
पुढचं तौनोला.

तौनो रायसिओत टीव्ही दुरुस्त करायचा;
दुकान बंद केलं तेव्हा बोलणंही बंद केलं.
बटण दाबलं. गुणगुण आली,
दोरावरून उतरतानाची ती घरंगळती धूनसुद्धा आली,
पण पडद्यावर नुसती एक आडवी रेघ.
पांढरी, जळजळीत.
पाणी, शिंपले, पाणबुड्या, सगळं तिच्यात चेपलेलं.
मी म्हटलं, पहाटे डेकवरून क्षितिज असंच दिसायचं.
तौनो म्हणाला, हं. चित्र उभं राहत नाहीये.

मग त्यानं प्लग काढला, एक हात खिशात घातला,
दुसऱ्यात तार बांधलेला स्क्रूड्रायव्हर,
रबरी टोपीखाली हळूच सरकवला.
टच्च.
आता हात लाव, म्हणाला. आता चावणार नाही.

मंगळवारी फ्यूज. रेघ.
बुधवारी दोन फुगलेले कपॅसिटर. रेघ.
गुरुवारी तो आलाच नाही, मला वाटलं कंटाळला.
शुक्रवारी भिंग घेऊन आला,
आणि हिरव्या पाटीच्या पाठीवर, पिनांभोवती,
केसाएवढ्या भेगा दाखवल्या, गोल गोल.
इंजिनाची थरथर, म्हणाला. वर्षानुवर्षं.
माझ्या गुडघ्यांतही तिनं हेच केलंय.
त्यानं चार पिनांना डाग दिला, कथलाचे चार थेंब,
धुराची एक बारीक शेंडी वर गेली.
गुडघ्यांचं मी काही विचारलं नाही.

चित्र उभं राहिलं.
आधी थरथरत, मग नीट.
पिवळा पाणबुड्या खाली उतरला,
दोन शिंपले, एक मासा,
मेला.
तिथेच. अगदी तिथेच.
मी टाळ्या वाजवल्या, तौनो माझ्याकडे बघत राहिला.

युरो त्याच्या घशात उतरत नाही.
तौनोनं पुसलेला एक मार्क्का टाकला, म्हणाला, सिर्का, धर.
मी पहिल्याच ऑक्टोपसला मेले.
यंत्र एकटं असताना यापेक्षा बरं खेळतं, तो म्हणाला.
एवढं मोठं वाक्य मी त्याच्याकडून प्रथमच ऐकलं.

शनिवार. तौनो सौनाला गेलाय.
उरलेले दोन मार्क्का कपात आहेत, राहू देत.
मी उंच स्टुलावर कॉफी घेऊन बसलेय.
पाणबुड्या उतरतोय, एक शिंपला,
दुसरा,
आणि कशी कोण जाणे,
नजर न काढता
मी पाय वर उचलले.