हसतील त्याचे दात

चाळीस वर्षं मी गेंटमध्ये कवळ्या घडवल्या.
मेणात उमटलेले परके जबडे,
गुलाबी हिरडीवर एकेक दात.
पेन्शन लागली, हात रिकामे झाले,
तेव्हा राजे गोळा करायला लागलो.

कागदाचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले,
पंजाएवढे.
रविवारी नदीकाठी, वान्नेसच्या टेबलावर
केळ्यांच्या खोक्यात दाटीने उभे असतात:
राजे पुढे, बिशप मागे,
ओल लागलेले उमराव तीन युरोला.
भुरभुर सुरू झाली की वान्नेस
आधी त्यांच्यावर प्लास्टिक ओढतो,
मग स्वतःची टोपी शोधतो.

बाकीची गिऱ्हाइकं लेस बघतात, चिलखत बघतात,
भिंगातून पदकं मोजतात.
मी तोंड बघतो.
साडेतीनशे चेहरे झालेत घरात
आणि दात एकाचाही दिसत नाही.
हसतील त्याचे दात दिसतील.
हे हसलेच नाहीत,
ओठांची शिवण कुणी उसवली नाही.

तरी कळतं.
डचेस क्लोटिल्ड, डावा गाल किंचित बसलाय,
खालची दाढ गेलीय बाई, वर्ष तरी झालं.
कोरणाऱ्यानं तिथे मोत्यांची सावली पाडली,
ती इतरांसाठी.
आणि व्हाल्डर्नचा हा राजपुत्र, वय नऊ,
कमरेला तलवार, तोंड गच्च:
पुढचे दोन पडलेले असणार
आणि मागून कुणीतरी म्हणालं असणार, मीट.

गोडेलीव्ह म्हणते, तू मेलेल्यांची बिलं करतोस.
करतो. वहीत लिहूनही ठेवतो.
वर तीन, खाली दोन, पूल बसेल.

नोव्हेंबरात सरदार फ्लोरेंट मिळाला, कोपरा फाटका.
घरी आणून दिव्याखाली ठेवला
तर हे चिलखत ओळखीचं.
हा हातमोजा, ही बक्कल तुटलेली वादी.
कपाटातून डिडरिक काढला,
ज्यानं फ्लोरेंटचा किल्ला घेतला
आणि त्याला अनवाणी बाहेर काढला,
असं खाली लॅटिनमध्ये छापलंय.
शेजारी शेजारी ठेवले दोघं.
धड एकच.
पत्रा महाग. जिंकणारा बदलला
की जुनं डोकं घासायचं,
पाठीमागून हातोडीनं ठोकून सपाट करायचं,
त्याच कॉलरवर नवं कोरायचं.
डिडरिकच्या कानामागे अजून दिसते
फ्लोरेंटच्या केसांची एक बट, पुसट.

मी हसलो नाही.
१९८३ साली एक नोटरी वारले,
त्यांची तयार कवळी न्यायला कुणी आलं नाही.
ती मी थोडी घासून
बार्जवर काम करणाऱ्या एका माणसाला बसवली,
पैसे पूर्ण घेतले.
वर्षभरानं तो पुलावर भेटला,
हात वर करून हसला,
अगदी नोटरींसारखा.
गोडेलीव्हला हे ठाऊक नाही.

त्या रात्री झोप आली नाही, भिंग घेऊन बसलो.
फ्लोरेंटच्या पायाशी, अगदी काठाला,
काहीतरी खरखर.
कोरणी चालते का बघायला
कारागिरानं ओढलेल्या दोन रेघा,
मग तिसरी गोल,
मग, कंटाळला असेल, दोन शिंगं.
गोगलगाय.
तांदळाच्या दाण्याएवढी.
डिडरिककडे पाहिलं. तिथेही तीच,
जरा झिजलेली, त्याच जागी.
इकडे किल्ला गेला, मान गेली, नाव गेलं,
ही सूतभर सरकली नाही.

वान्नेसला सांगितलं तर म्हणाला,
काठ कापून फ्रेम कर, छान दिसेल.
मी ऐकल्यासारखं केलं.
दोघांना एकाच पाकिटात ठेवलंय.
वहीत दातांच्या रकान्यात काही लिहिलं नाही,
पेन्सिलनं एक गोल काढून बघितला फक्त.
शिंगं जमली नाहीत.