सुट्टे

वाघचौरे डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं,
गंगापूर धरणासारखं नितळ.
मला वाटलं, एवढं स्वच्छ आहे म्हणजे काही नसेल.
ते म्हणाले, ओठावर जर उठतो ना,
त्यातलाच विषाणू. या वेळी मेंदूत उठलाय.

दर आठ तासांनी सलाईन. एकवीस दिवस.
सिव्हिलच्या खिडकीतून त्र्यंबक रोडचे हॉर्न.
ताप उतरला. नावं गेली.
पेल्याला म्हणतात 'ते पाण्याचं', मुलीला 'वेणीवाली',
आणि अठरा वर्षं ज्या रस्त्यावर घंटी मारली
त्याचे थांबे: नाशिक रोड, बिटको, दत्त मंदिर...
पुढे पांढरं.
मी म्हणते, द्वारका.
ते मान हलवतात, परक्या गावाचं नाव ऐकल्यासारखी.

काल दुपारी कॉटच्या कडेला बसले,
शंभराची नोट धरली, म्हटलं,
एक शालिमार.
बोटं हलली. अंगठा जिभेला लागला.
हवेतलं तिकीट टर्रकन फाडून
माझ्या तळहातावर ठेवलं,
माझ्याकडे न बघता.
"सुट्टे द्या. आणि पुढे सरका, बाई."

मी सरकले.
पुढे भिंतच होती.